खुळखुळा, कवळी आणि क्लॅरोनेट

अक्कलदाढ काढल्याने अक्कल जात नाही, हे सगळेच डेंटिस्ट हसत हसत सांगतात. ओठ जाऊ शकतो, हे मात्र संमतीच्या फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. आणि फॉर्म वाचतंय कोण? आपण मोबाइलवर 'मान्य आहे' या चौकोनात डोळे मिटून टिक मारणारी माणसं. मीही मारली. सही, तारीख, मोबाइल नंबर... चला, आत.

२०२५ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. माझी खालची उजवी अक्कलदाढ हाडात आडवी झोपली होती, दुपारच्या लेक्चरला शेवटच्या बाकावर झोपावं तशी. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलंही होतं, "मुळं नसेच्या अगदी जवळ आहेत. काही दिवस ओठ बधिर राहू शकतो." मी मान हलवली. डोक्यात मंगळवारची डेडलाइन होती. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, हा धडा आमच्या मास कॉमच्या सिलॅबसमध्ये नव्हता.

दाढ निघाली. चौथ्या दिवशी सूज उतरायला लागली, सातव्या दिवशी टाके निघाले. पण खालच्या ओठाची उजवी बाजू अशी, जणू इंजेक्शन अजून उतरलंच नाही. कॉफी हनुवटीवरून ओघळायची आणि समोरच्या माणसाने टिश्यू पुढे करेपर्यंत मला पत्ताच नसायचा. एका इंटरव्ह्यूमध्ये मी पाच मिनिटं अत्यंत गंभीर प्रश्न विचारत होते आणि ओठाला वडापावची चटणी लागलेली होती. बिचाऱ्याने सांगितलं नाही. घरी आल्यावर आरशाने सांगितलं.

"होईल गं बरं," सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. पण मला एक वेगळंच टेन्शन होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मी क्लॅरोनेट वाजवते.

हे सांगितलं की ऑफिसवाल्या मित्रमैत्रिणींचे डोळे चमकतात. "वॉव, जॅझ?" नाही हो. बँड. लग्नाचा बँड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मे महिन्याच्या उन्हात नवरदेवापुढे उलटं चालत वाजवायचं, तो बँड. माझी आई रेवदंड्याच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली. माझा मामा तिथल्या ब्रास बँडमध्ये तीस वर्षं पहिला क्लॅरोनेट. दिवसा समुद्र, लग्नसराईत बँड. मी आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे आंबे खायला गेले आणि क्लॅरोनेट शिकून आले. मुलगी बँडमध्ये वाजवते म्हणून गावात थोडी कुजबुज झाली. मामा म्हणाला, "वाजवू दे, तिचा दम माज्यापेक्षा लांब हाय." कुजबुज संपली.

नंतर मुंबई, कॉलेज, नोकरी, नोकरी सोडणं. क्लॅरोनेट कपाटावर गेलं. वर्षातून दोनदा खाली यायचं. एखाद्या मावसबहिणीच्या हळदीला आणि नारळी पौर्णिमेला. मागची दोन वर्षं तर तेही नाही. कधी डेडलाइन, कधी ट्रॅफिक, कधी चक्क कंटाळा.

आता थोडा टेक्निकल फंडा, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. क्लॅरोनेटच्या तोंडाला बोरूची एक पातळ पट्टी बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. वरचे पुढचे दात तोंडावर टेकवायचे. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून त्याची गादी करायची आणि त्या गादीवर रीड ठेवायची. म्हणजे सूर निघतो तेव्हा रीडचं थरथरणं सगळ्यात आधी कळतं ते खालच्या ओठाला. कान नंतर ऐकतात. किती दाबायचं, किती सोडायचं, हे ओठ ठरवतो. आणि माझ्या अर्ध्या ओठाला काही कळतच नव्हतं!

गंमत म्हणजे ओठ हलत होता. हसता येत होतं, शिट्टी मारता येत होती. डॉक्टरांनी सांगितलं, ओठ हलवणारी नस वेगळी आणि ओठाला स्पर्श कळवणारी वेगळी. कळवणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातून, दाढांच्या मुळांखालून जाते आणि हनुवटीपाशी बाहेर येते. ती दुखावली की ओठ हलतो, पण त्याचा रिपोर्ट वर जात नाही. "बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "आणि बाकीच्यांचं?" ते म्हणाले, "थोड्यांचं राहतं." मग पहिल्यांदाच विचारलं, "तुम्ही काही वाजवता वगैरे का?"

मी आधी सांगितलंच नव्हतं. फॉर्मवर डायबेटिस, बीपी, अ‍ॅलर्जीचे रकाने होते. क्लॅरोनेटचा रकाना नव्हता.

हुकूम निघाला. निदान दोन आठवडे फुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही. दाढ काढली की खड्ड्यात रक्ताची गुठळी होते. तीच नैसर्गिक पट्टी. तोंडात दाब आला की ती निसटते, खालचं हाड उघडं पडतं आणि मग जे दुखतं, त्यापुढे दाढ बरी होती असं वाटतं. वरची दाढ काढलेल्यांना तर अजून सांभाळावं लागतं, कारण तिथे मुळांच्या वरच सायनसची पोकळी असते.

दोन आठवडे! मी तर दोन वर्षं वाजवलं नव्हतं. पण 'वाजवायचं नाही' म्हटल्याबरोबर मला रोज संध्याकाळी वाजवावंसं वाटायला लागलं. डाएट सुरू केलं की जिलबीची आठवण येते ना, तसं.

जूनच्या मध्यात मी लॅपटॉप आणि क्लॅरोनेट घेऊन मामाकडे निघाले. पावसाळ्यात गेटवेच्या नेहमीच्या लाँच बंद असतात, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली. २०२० मध्ये ही बोट सुरू झाल्यापासून अर्धी मुंबई गाडीसकट अलिबागला जाते. डेकवर वीकेंडवाले ग्रुप, चिप्सची पाकिटं, सेल्फी. मी एका कोपऱ्यात उभी राहून ओठ चावून बघत होते. काही नाही. समुद्राचा वारा डाव्या बाजूला लागत होता आणि उजवीकडे नुसताच कापूस.

मांडव्याहून अलिबाग, मग आक्षी, नागाव, चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधोमध रिसॉर्टचे बोर्ड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी विणायला बसलेली माणसं, सुक्या मासळीचा वास. मामा ओट्यावर होता.

"कवा आयलीस गो बाय?" त्याने विचारलं आणि मला धक्काच बसला. आवाज तोच, पण शब्दांच्या मधून हवा निसटत होती. वरचे सगळे दात गेले होते.

दिवाळीनंतर काढले म्हणे. हिरड्या खराब झाल्या होत्या, वर्षानुवर्षं मिश्री लावण्याचा प्रसाद. मग कवळी बसवली. मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी 'हो हो, नंतर बोलते' म्हणाले असेन. हेच जास्त शक्य आहे.

"मग लग्नं कशी वाजवलीस?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही. मामी आतून म्हणाली, "खुळखुळा वाजवतंय."

ज्यांनी कोळीवाड्यातला बँड जवळून बघितलेला नाही, त्यांना सांगते. खुळखुळे म्हणजे मुठीत धरून हलवायचे ते दोन गोळे. बँडमध्ये ते कुणाला देतात? शिकाऊ पोरांना. नाहीतर मालकाच्या भाच्याला. आमच्या बँडमध्ये ज्याच्या इशाऱ्यावर ट्रम्पेट थांबायचे आणि ढोल उठायचे, तो माणूस अख्खी लग्नसराई शेवटच्या रांगेत खुळखुळा हलवत उभा होता. त्याच्या जागेवर एक पोरगा आलाय. बरा वाजवतो. त्यातही निम्म्या सुपाऱ्या आता बेंजो पार्टीला जातात. बँडलाच काम कमी, तिथे दात गेलेल्या क्लॅरोनेटवाल्याला कोण विचारणार?

"दात गेलं, सूर गेला," मामा म्हणाला. "मना आता ह्योच बरा." आणि जाळ्याची गाठ मारायला लागला.

त्याने प्रयत्न केला होता. कवळी आल्यावर पहिल्याच दिवशी पेटी उघडली. वरचे दात तोंडावर टेकवले, फुंकलं आणि कवळी मागच्या बाजूने खाली आली. पुढून दाब दिला की मागून उचकटते, उलथन्यासारखी. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. बँडच्या पोरांसमोर तिसऱ्यांदा झालं तेव्हा एक जण हसला. पेटी बंद झाली ती बंदच.

"डॉक्टरला सांगितलंस का, क्लॅरोनेट वाजवतो म्हणून?"

"त्याला काय सांगाचं? तो दाताचा डॉक्टर, बाज्याचा नाय."

घ्या! मी मुंबईची, मास कॉमवाली, आणि माझा मामा कोळीवाड्यातला. दोघांनी चूक एकच केली होती.

त्या रात्री झोप आली नाही. पाऊस पत्र्यावर, ओठ बधिर, नेट स्लो. पण आमच्या धंद्यात एक बरं असतं, रडू आलं की रिसर्च करायचा. पहाटेपर्यंत मला दोन माणसं भेटली.

पहिला चेट बेकर. अमेरिकन ट्रम्पेटवाला, देखणा, एकेकाळचा सुपरस्टार. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला मारहाण झाली, त्यात दात दुखावले आणि पुढे सगळेच काढावे लागले. ट्रम्पेटमध्ये तर धातूचं तोंड ओठांवर दाबलं जातं आणि ओठांच्या मागे भिंत असते ती दातांची. भिंतच गेली. कवळी लावून तो जवळजवळ पहिल्यापासून शिकला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कमध्ये परत उभा राहिला आणि १९८८ मध्ये मरेपर्यंत वाजवत राहिला. व्यसनं होती, भानगडी होत्या, आदर्श वगैरे घेण्यासारखा माणूस नव्हे. पण कवळीवर वाजवत होता.

दुसरा बंक जॉन्सन. हा न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडचा माणूस, म्हणजे मिरवणुकीत वाजवणारा, आपल्यातलाच. १९३१ मध्ये एका मारामारीत त्याचे दात गेले, वाद्यही गेलं. मग तो मजुरी करत राहिला. १९३०च्या दशकाच्या शेवटी जॅझचा इतिहास शोधणारी मंडळी त्याच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी पैसे जमवले, त्याला ट्रम्पेट दिला आणि कवळी बसवली. कवळी कुणी केली माहितीये? लिओनार्ड बेशे नावाच्या डेंटिस्टने. हा प्रसिद्ध क्लॅरोनेटवादक सिडनी बेशेचा भाऊ आणि स्वतः ट्रॉम्बोन वाजवणारा. म्हणजे दाताचा आणि बाज्याचा डॉक्टर एकच! १९४२ मध्ये बंकच्या रेकॉर्ड निघाल्या.

सकाळी मी मामाला हे सगळं सांगितलं. त्याने चहा फुर्रकन ओढला आणि विचारलं, "ते ट्रम्पेटवाले. क्लॅरोनेटवाला कोण नाय काय?"

नव्हता. पण एक होता, ज्याचे दात शाबूत असूनही त्याने धरण्याची पद्धत बदलली. बेनी गुडमन. स्विंगचा राजा म्हणवला जाणारा हा माणूस १९४९ मध्ये, चाळिशीत, जग जिंकून झाल्यावर, रेजिनाल्ड केल नावाच्या इंग्लिश वादकाकडे शिकायला गेला आणि दात टेकवणं सोडून दोन्ही ओठ दातांवर दुमडून धरायला शिकला. म्हणजे वरच्या दाताऐवजी वरच्या ओठाची गादी. ही पद्धत जुनी आहे, अजूनही काही जण वाजवतात. तिच्यात वरच्या दातांवर थेट दाब येत नाही.

मामाने बोट वरच्या ओठाखाली घालून बघितलं. काही बोलला नाही. पण जाळं बाजूला ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं अलिबागला त्याच्या डेंटिस्टकडे गेलो, क्लॅरोनेटची पेटी घेऊन. वेटिंग रूममधल्या लोकांना वाटलं, आम्ही वाढदिवसाला आलोय. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मामाला खुर्चीवर बसवून चक्क वाजवायला लावलं. कवळी कुठून उचकटते ते बघितलं. मग म्हणाल्या, "काका, दात काढल्यावर पहिले काही महिने हाड झिजतं, हिरड्या बसतात. तेव्हा घट्ट असलेली कवळी आता सैल झालीय. हे सगळ्यांचंच होतं. आतून नवीन अस्तर लावू." आणि मग तेच, "वाजवता हे आधी सांगितलं असतंत, तर दात काढायच्या आधीच तुमच्या पुढच्या दातांचं माप घेऊन ठेवलं असतं. नवे दात अगदी त्याच जागी बसवता आले असते."

मामा सहा महिने समजत होता, की आपण म्हातारे झालो. आणि झालं होतं काय, तर कवळी सैल झाली होती!

(माझी आशा वाढली, म्हणून मी त्यांना माझाही ओठ दाखवला. त्यांनी कापसाचा बोळा फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "मुंग्या यायला लागल्या की कळवा. ती चांगली खूण." मग मी रोज मुंग्यांची वाट बघायला लागले. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, की मुंग्यांची वाट बघेन.)

जुलैचा पूर्ण महिना मी वीकेंडला मुंबईहून जात राहिले. शुक्रवारी रात्री स्टोरी पाठवायची, शनिवारी पहिली बोट. रियाज होडीच्या शेडमध्ये, कारण घरात मामी ओरडायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. फक्त पाच. एकच सूर, खालचा, जितका लांब जाईल तितका. रीडही दोन नंबरऐवजी दीड नंबरची, मऊ. मामाचा वरचा ओठ तीन मिनिटांत थकायचा. माझी गंमत वेगळी होती. मला कळायचंच नाही, की ओठ सुटलाय. सूर फाटला की कळायचं. मग मी आरसा टांगला. ओठाचा रिपोर्ट येत नाही ना, मग डोळ्यांनी बघू. मामा माझ्याकडे बघायचा आणि नुसतं बोटाने दाखवायचा, उजवीकडून हवा जातेय. मी त्याच्याकडे बघून सांगायचे, चावतोयस. मुळात चावणं ही त्याची तीस वर्षांची सवय. वरचा ओठ मध्ये आला की चावता येत नाही, स्वतःलाच दुखतं. मामा म्हणायचा, "तीस वर्सं चुकीचाच वाजवला वाटतं."

एका शनिवारी पाऊस थांबला होता. आम्ही बाहेर येऊन बसलो. समोर कुंडलिकेची खाडी, पलीकडे कोर्लईचा डोंगर आणि किल्ला. मला वाटलं, हा किनारा मुळात फुंकणाऱ्यांचाच आहे. दक्षिणेकडे श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला लग्नात आणि शिमग्यात खालूबाजा वाजतो, त्यातली सनई. देवळांतले शंख. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ हे बेने इस्रायली समाजाचं प्रार्थनास्थळ आहे. ज्यू नववर्षाला शोफार फुंकतात, म्हणजे पोकळ केलेलं मेंढ्याचं शिंग. आणि आमचा बँड, साहेबाच्या पलटणीकडून आलेला आणि मेरठमध्ये बनलेल्या वाद्यांवर वाजणारा. मेरठला १८८५ पासून नादिर अली अँड कंपनी बँडची वाद्यं बनवतेय. मामाचं पहिलं क्लॅरोनेटही मेरठचंच.

यातली सनई फक्त ओठांत धरतात, तिला दात लागतच नाहीत. हे मी मामाला सांगितलं. म्हटलं, वाटलं तर सनई शीक. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला धर्म बदलायला सांगतेय.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला मुंग्या आल्या. बोटीवर. आधी वाटलं, वारा. मग हनुवटीपासून वरपर्यंत कुणीतरी सोडा वॉटर ओततंय असं. मी शेजारच्या अनोळखी काकूंना म्हणाले, "मला मुंग्या येतायत!" त्यांनी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली.

आता थोडं तुमच्या कामाचं. तुमच्यापैकी कुणी बासरी वाजवत असेल, कुणी शनिवारच्या बँडमध्ये सॅक्सोफोन, कुणी ऑफिसच्या गणपतीत ट्रम्पेट. डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधी सांगा, वाद्याचं नाव सांगा, जमलं तर घेऊनच जा. पुढचे दात काढायचे असतील तर आधी माप घ्यायला सांगा. मोठा प्रोग्राम असेल तर त्याच्या आदल्या आठवड्यात अक्कलदाढ काढू नका. दोन-तीन आठवडे मोकळे ठेवा आणि परत कधी फुंकायचं, हे कॅलेंडरला न विचारता डॉक्टरांना विचारा. परत सुरू कराल तेव्हा पाच मिनिटांनी करा, मऊ रीडने करा, दुखलं की थांबा. ओठ दोन आठवड्यांनंतरही बधिर असेल तर 'होईल बरं' म्हणत बसू नका, दाखवा. आणि काही वाजवत नसाल, तरी फॉर्म वाचा. मी आता वाचते. परवा जिमचा वाचला आणि जॉइनच केली नाही.

नारळी पौर्णिमा ९ ऑगस्टला होती, शनिवारी. म्हणजे सुट्टीही मागावी लागली नाही. संध्याकाळी चारला बँड जमला. बायका जरीच्या साड्या आणि गळाभर सोनं घालून तयार, सोनेरी नारळ पाटावर, आभाळ भरून आलेलं. मामाने कोट घातला. शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला. हातात पेटी होती.

खुळखुळे एका सातवीतल्या मुलाच्या हातात होते. त्याच्या जागेवर आलेला पोरगा पुढे होता. त्याने मागे वळून बघितलं, मग बाजूला सरकला. कुणी काही बोललं नाही. मामा पुढे आला आणि मला म्हणाला, "वरचा तू घे."

हे समजून घ्या. क्लॅरोनेटला मागच्या अंगठ्यापाशी एक कळ असते. ती दाबली की सूर एकदम बारा पायऱ्या वर उडी मारतो. गाणं लांबवर ऐकू जातं ते या वरच्या सुरांमुळे आणि त्यांना ओठाची ताकदही जास्त लागते. पहिल्या क्लॅरोनेटचा मान म्हणजे हा वरचा सूर. तो मामाने तीस वर्षांत कुणाला दिला नव्हता.

आम्ही निघालो. त्याने त्या कळीला अख्ख्या मिरवणुकीत हात लावला नाही. खालूनच वाजवत राहिला. जाड, गोल आणि थोडा थरथरता सूर. पूर्वीचा नव्हता. पूर्वी तो पोरीबाळींना नाचायला लावायचा, हा तसा नाचरा नव्हता. माझाही वरचा सूर दोनदा फाटला. उजव्या ओठाच्या खाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा अजून बधिर होती, आजही आहे, आणि डॉक्टर म्हणतात ती बहुधा तशीच राहील. पण खाली तो होता, म्हणून मला वर जाता येत होतं. दर दोन गाण्यांनंतर तो थांबायचा, ओठ पुसायचा आणि तो मघाचा पोरगा न सांगता त्याची खालची ओळ धरायचा.

धक्क्यावर नारळ पाण्यात गेला. पाऊस आला. सगळे पळाले. मामा कोटाच्या आत क्लॅरोनेट झाकून पत्र्याखाली उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि पाठ वळवून कवळी काढली. खिशातून रीडची डबी काढली, कवळी रुमालात गुंडाळून तिच्यात ठेवली आणि डबी परत खिशात.

"दुखतंय?" मी विचारलं.

"मंग?" तो बोळक्या तोंडाने हसला. "पुडच्या रईवारी लगीन हाय. तू यशील ना?"

रविवारी माझी डेडलाइन होती. मी हो म्हणाले.